चौऱ्याऐंशी खनिजांचं व्रत

आमच्या ह्यांनी मीठ सोडलं हे नाहूरच्या आमच्या अख्ख्या सोसायटीला कळलं. कळलं नाही ते फक्त ह्यांच्या रक्तदाबाला.

हे म्हणजे धोंडू घाडीगावकर, वय सदुसष्ट. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं ह्यांनी होजपाइप तपासले. क्रेनमधून, डंपरमधून तेल जोरानं ढकलणारे जाड काळे पाइप ह्यांच्या टेबलावर यायचे. हे त्यात प्रेशर सोडायचे, गेजचा काटा बघायचे आणि पाइपावर खडूनं पास किंवा नापास लिहायचे. कंपनीच्या चिठ्ठीवर काहीही छापलेलं असो, काटा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय ह्यांनी एकही पाइप पास केला नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे ह्यांचं शहाणपण कुठे फिरायला गेलं होतं असं मला कोणी विचारणार नाही. मलाही माहीत नाही. माझंही बरोबरच गेलं होतं.

कामावरून सुटले की हे कीर्तनाला. सोसायटीच्या राममंदिरात बुवा उभे राहायचे आणि त्यांच्या मागे झांज घेऊन हे. बुवांनी चरण सोडला की ह्यांनी तो वरच्या वर उचलायचा. तीस वर्षं हे मागेच उभे होते. मी समोर बायकांत बसायचे आणि, खोटं कशाला बोलू, बुवांपेक्षा जास्त वेळ ह्यांच्याकडेच बघायचे. बुवा गेल्या कार्तिकात गेले. तेव्हा कमिटीचे सहदेव घरी आले आणि म्हणाले, "धोंडूभाऊ, रामनवमीचं कीर्तन यंदा तुम्ही करायचं."

रामजन्माचं कीर्तन करणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. दुपारी बाराच्या ठोक्याला राम जन्मला पाहिजे. आधी नाही, नंतर नाही. साडेदहाला उभं राहायचं, लोकांना हसवायचं, रडवायचं, आणि घड्याळाकडे न बघता बरोबर बाराला पाळण्याच्या दोरीपाशी आणून सोडायचं. सहदेवांना ह्यांनी दारापर्यंत सोडलं. मग बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि आतून गाण्याचा आवाज यायला लागला. मी बाहेर डोळे पुसत भाजी निवडत होते.

पौषात एक दिवस सराव करता करता ह्यांना गरगरलं. भिंत धरून उभे राहिले. मी ओढत गंधालीकडे नेलं.

गंधाली आमच्याच बिल्डिंगमध्ये वाढलेली. लहानपणी माझ्या हातचे घावणे खायला यायची, आता स्टेशनजवळ तिचा दवाखाना आहे. तिनं ह्यांच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला.

"काका, एकशे ब्याऐंशी, खाली एकशे चार. कधीपासून आहे हे?"

"माका काय म्हायत? आज पहिल्यांदाच बघतंय."

"तेच तर. चौतीस वर्षं लोकांचे पाइप बघितलेत, स्वतःचे कोण बघणार?" मग तिनं नीट समजावून सांगितलं. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. पाणी वाढलं की रक्त वाढतं, शिरा मात्र तेवढ्याच. मग भिंतींवर दाब पडतो. रोज पडत राहिला की भिंती जाड होतात, कडक होतात, लवायचं विसरतात. आणि मेंदूत, डोळ्यांत, किडनीत, जिथे शिरा बारीक असतात तिथे एक दिवस काम तमाम. "दिवसाचं सगळं मीठ मिळून एक लहान चमचा, तोही सपाट. पापड, लोणचं, सुकी मासळी त्यातच धरायचं. आणि ही गोळी रोज."

ह्यांनी विचारलं, "कीर्तन?"

"रामनवमीच्या आदल्या दिवशी वरचा आकडा दीडशेच्या आत आला तर उभे राहा. नाही आला तर सहदेवकाकांना मी स्वतः सांगणार, दुसरा माणूस बघा म्हणून. दीड तास उभं राहून, उपाशी पोटी, चैत्राच्या उन्हात वरच्या पट्टीत गायचं? या आकड्यावर मी नाही सोडणार तुम्हाला."

ह्यांनी घरी काही न सांगता मुहूर्त बघितला आणि मंदिर गाठलं. माघातल्या गणेशजयंतीला रामापुढे हात जोडून म्हणाले, "मीठ सोडलं." कमी केलं असं नाही, सोडलं. आमच्यात कोणी काही कमी करत नाही. एकतर ताटभर खातो, नाहीतर देवापुढे सोडतो. मधलं काही आम्हाला जमत नाही.

तीन आठवडे ह्यांनी खरंच अळणी खाल्लं. अळणी डाळ, अळणी भाजी, अळणी भाकरी. पहिले चार दिवस तोंड असं करून जेवत होते की मला वाटायचं, पानात मी काही मेलेलं वाढलंय. मग जीभ वळली. आकडा एकशे अठ्ठावन्नवर आला. गंधाली खूश झाली. हे तर झांज न घेताच घरभर ठेका धरत फिरायला लागले.

आणि महाशिवरात्रीला आमच्या दारात शरच्चंद्रराव उगवले.

शरच्चंद्रराव समोरच्या विंगमध्ये राहतात. अंधेरीच्या एका मोठ्या ऑफिसातून मॅनेजर म्हणून रिटायर झाले. रिटायर झाल्यावर माणसं बागकाम करतात, नातवंडं सांभाळतात. शरच्चंद्ररावांनी ज्ञान वाटायला घेतलं. दर रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये 'खनिज-चिंतन'. अंगात रेशमी जाकीट, हातात ते लाल ठिपका पाडणारं पेन, मागे पडद्यावर पेशींची चित्रं. सुरुवातीला एक श्लोक म्हणतात, तोही चुकीच्या चालीत, आणि मग सगळं तासभर इंग्रजीत शिरतं ते बाहेर येतच नाही. अंधेरीचा भाचा त्याचे व्हिडिओ काढतो. मी एकदा गेले होते. ना पूर्वरंग, ना उत्तररंग, ना मध्ये हरिनाम. कोणी जांभई दिली तर म्हणतात, तुमच्यात मॅग्नेशियम कमी आहे. पेशीत काय चालतं ते यांना सगळं ठाऊक, समोरचा माणूस जागा आहे की झोपलाय ते मात्र दिसत नाही.

"घाडीगावकर, मीठ सोडलंत म्हणे?" आत येऊन, न सांगता ह्यांच्या खुर्चीत बसत ते म्हणाले.

"होय साहेब. डॉक्टरनं सांगितलं."

"डॉक्टर! अहो, मग शरीराला खनिजं कुठून मिळणार? शिरांना लागतात ना खनिजं." आणि पिशवीतून एक किलोचं गुलाबी पाकीट काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. खडे अगदी खडीसाखरेसारखे, गुलाबी. "हे घ्या. माझ्याकडून भेट."

"साहेब, पण मीठ..."

"कोण म्हणतं हे मीठ आहे? मीठ कारखान्यात होतं. हे डोंगरात झालंय, कोट्यवधी वर्षांपूर्वी. यात चौऱ्याऐंशी खनिजं आहेत. चौऱ्याऐंशी!"

चौऱ्याऐंशी लक्ष योनी मी कीर्तनात ऐकल्या होत्या. त्यांचं किलोचं पाकीट निघालंय हे नवीन होतं. मी तसं बोलणारच होते, तेवढ्यात ते माझ्याकडे वळले.

"वहिनी, आज शिवरात्र. उपवासाला तुम्ही साधं मीठ घालता?"

"छे. सैंधव."

"का?"

"उपवासाला मीठ चालत नाही म्हणून."

"झालं तर मग!" त्यांनी हात असे पसरले जसा काही कैलास तेच उचलून आणतायत. "मीठ चालत नाही, सैंधव चालतं. म्हणजे सैंधव मीठ नाही. तुमच्या आजी-पणजी काय वेड्या होत्या?"

इथे मी फसले. मला मॅग्नेशियमनं कोणी फसवलं नसतं, पण आजीच्या नावानं फसवलं. माझी आजी एकादशीला शेंदेलोणाचा खडा वेगळ्या नारळाच्या करवंटीत ठेवायची, मिठाच्या बरणीला त्याचा वाराही लागू द्यायची नाही. पन्नास वर्षं मीही दोन डबे वेगळे ठेवलेत, एक रोजचा आणि एक उपवासाचा. दोन डबे म्हणजे दोन वस्तू. यापुढे विचार करायची मला कधी गरजच पडली नव्हती.

ह्यांनी पाकिटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. देवाला सोडलं ते मीठ. हे तर देवाच्याच उपवासाचं.

मग काय विचारता. घरात रोजच उपवास असल्यासारखं सैंधव पडायला लागलं. खडा कुटून घालायचा, तो पांढऱ्या मिठाइतका लागत नाही, म्हणून आणखी थोडा. डाळीत, भाजीत, ताकात, काकडीवर. मीठ सोडून एवढे दिवस झाले होते, आता मीठ न खाता खारट खायला मिळतंय म्हटल्यावर हे दुप्पट जेवायला लागले. सकाळी शरच्चंद्ररावांनी सांगितलेलं 'खनिजजल': कोमट पाणी, लिंबू आणि वर सैंधवाचा चमचा. पितो त्याचं तोंड बघून मला कळायला हवं होतं. मला कळलं नाही. मी उलट आनंदात होते, माणूस पोटभर जेवतोय म्हणून.

पहिल्या आठवड्यात आकडा एकशे सत्तर. मग एकशे अठ्ठ्याहत्तर. गंधालीनं गोळी वाढवली. मग एकशे चौऱ्याऐंशी, पहिल्यापेक्षाही वर. संध्याकाळी ह्यांच्या पायांवर मोज्याचे वळ उमटायला लागले.

"काका, खरं सांगा. स्टेशनवर वडापाव?"

"शप्पत नाय."

"काकू, लोणचं? पापड? सुका जवळा?"

"अगं, मीठच सोडलंय गं त्यांनी. देवापुढे." मी छातीवर हात ठेवून सांगितलं. असं खोटं मी जन्मात इतक्या खरेपणानं बोललेले नाही.

शरच्चंद्ररावांना आकडा सांगितला तर ते हसले. "अहो, जुना मळ बाहेर पडतोय. आधी वर जातं, मग एकदम खाली." एकदम खाली म्हणजे नेमकं कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही. आमच्या इथलं स्मशान तसं फार लांब नाही.

वर हा माणूस परस्पर सहदेवांना भेटून आला. म्हणाला, घाडीगावकरांची तब्येत बरी दिसत नाही, गरज लागली तर रामनवमीला मी प्रोजेक्टर घेऊन उभा राहीन, 'रामराज्यातील आहारविचार' तयार आहे. रामजन्म पडद्यावर! पाळण्याच्या जागी पेशी! मला सहदेवांनी हे जिन्यात सांगितलं तेव्हा मी हातातली पिशवी खाली ठेवली, कारण नाहीतर ती मी त्यांच्यावरच मारली असती. घरी येऊन बघते तर हे गॅलरीत बसलेले, झांजेची दोरी बोटाला गुंडाळत.

"वनमाला, नाय जमायचा आता."

"काय नाय जमायचं?"

"तीस वर्सां मागे उभो रवलंय. मागेच बरो आसय मी."

त्या दिवशी मी जेवले नाही. ह्यांना मात्र वाढलं. चांगलं चमचमीत, चौऱ्याऐंशी खनिजं घालून.

पाडव्याला सकाळी गंधाली श्रीखंडाचा डबा घेऊन आली. मी तिला कैरीचं पन्हं दिलं. तिनं एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"काकू, मीठ बरंच आहे."

"मीठ कसं असेल? ह्यांचं व्रत आहे ना. सैंधव आहे."

गंधाली माझ्याकडे वळली. मग फार हळू, लहान मुलीला विचारावं तसं तिनं विचारलं, "काकू, हे सैंधव आणखी कशात कशात घालता?"

"सगळ्यात."

ती उठली, स्वयंपाकघरात गेली. गुलाबी पाकीट आणि रोजच्या मिठाचं पाकीट दोन्ही उचलून खिडकीपाशी आली आणि मागचं बारीक छापलेलं वाचायला लागली. "काका, चष्मा लावा आणि या इकडे. शंभर ग्रॅममध्ये सोडियम किती? हे पांढरं, अडतीस ग्रॅमच्या वर. हे गुलाबी, तेही अडतीस. आणि तुमची ती चौऱ्याऐंशी खनिजं सगळी मिळून चिमूटभर. तेवढी तर एका केळ्यात आणि मूठभर चवळीच्या पाल्यात जास्त मिळतील. काकू, सैंधव म्हणजे मीठच. रंगीत मीठ."

"पण उपवासाला..."

"उपवासाला चालू दे ना. देवाला चालतं. शिरांना नाही चालत, त्यांना उपवास कळत नाही. हे पाकीट कधी आणलं?"

"शिवरात्रीला."

तळाला दोन खडे राहिले होते. बत्तीस दिवसांत दोन माणसांनी एक किलो. तिनं मनातल्या मनात हिशेब केला. "माणशी रोज तीन चमचे, काका. मी सांगितला होता एक. गोळ्या बिचाऱ्या करणार काय?"

मला वाटलं हे चिडतील. हे चिडले नाहीत. चष्मा काढून स्टुलावर बसले.

"म्हणजे म्हैनाभर मी रामाक खोटा सांगलंय?"

"काका, तुम्हाला माहीत नव्हतं."

"चिठ्ठी बघितलंय गो मी. नुसती चिठ्ठी." हे माझ्याकडे बघून बोलत होते. "चौतीस वर्षांत केलं नाही ते केलं. साहेबानं डोंगरातला म्हटलान, मी पास लिहिलं. काटा वर जाताना दिसत होता, तरी पास." मग गंधालीकडे वळून म्हणाले, "दोनशेच्या दाबाची होज रोज अडीचशेवर चालवली तर लगेच फुटत नाही, डॉक्टर. सगळ्यांना वाटतं चांगली चाललीय. आतून कडक होत जाते. मग एक दिवस, काहीच नसताना, जोडावर जाते. मी शिकवायचो हे नवीन पोरांना."

"तेच मी तुम्हाला पौषात सांगत होते."

"तू सांगितलंस तेव्हा ती माझी शीर होती. होज म्हणाली असतीस तर लगेच कळलं असतं."

गंधाली हसली, मग मीही. ह्यांनी उठून ते दोन खडे बेसिनमध्ये टाकले आणि त्यावर नळ सोडला. चौऱ्याऐंशी खनिजं मिठासारखीच विरघळली, काही वेगळं दिसलं नाही.

उपवासाचा डबा मी धुऊन पालथा घातला. यंदा चैत्राचं नवरात्र ह्यांनी फळं, दूध आणि अळणी वरीवर काढलं.

दोन दिवसांनी शरच्चंद्रराव पुन्हा दारात. बातमी पोचली होती. त्यांना वाटलं आपली चूक दुरुस्त करावी. पण चूक झाली असं म्हणायचं नव्हतं. हातात नवीन पाकीट, या वेळी पांढरं.

"वहिनी, हे घ्या. यात सोडियम कमी, पोटॅशियम जास्त. पोटॅशियम शिरा सैल करतं, हे तर तुमच्या डॉक्टरीणबाईही मान्य करतील."

"करतात," मी दार अर्धंच उघडं ठेवून म्हटलं. "त्यांनी सांगितलंय, पालेभाजी खा, डाळ खा, पोटॅशियम तिथून येऊ दे. पण ह्यांची जी गोळी आहे ना, तिनं पोटॅशियम अंगातच साठतं. त्यात वरून तुमचं हे चमच्यानं घातलं तर हृदयाचा ठेका चुकेल."

"असं काही नसतं हो. मी वाचलंय..."

"तुम्ही वाचता, आम्ही फुगतो. साहेब, तुमचं स्वतःचं प्रेशर किती आहे?"

"मला बघायची गरजच पडत नाही. मला आतून कळतं."

"वा. वर्कशॉपात ह्यांना जर कोणी म्हणालं असतं, पाइपाला आतून कळतं, तर ह्यांनी त्याला गेटाबाहेर काढलं असतं."

दार मी लावलं. जरा जोरातच लागलं. रामाची शपथ, मुद्दाम नाही लावलं. थोडं मुद्दाम लावलं.

आठ दिवस आम्ही तिघं एका आकड्याकडे बघत जगलो. एकशे अडुसष्ट. एकशे साठ. एकशे चोपन्न. पायांवरचे वळ गेले. गोळ्यांना अखेर काम करायला जागा मिळाली. रामनवमीच्या आदल्या संध्याकाळी गंधालीनं तीनदा पट्टा फुगवला, आणि तिन्ही वेळा काटा तिथेच थांबला. एकशे बावन्न.

"दोनानं नापास," हे म्हणाले. झांज त्यांनी पिशवीत घातली.

गंधालीनं स्टेथोस्कोप गळ्यातून काढला. "काका, दीड तास नाही देणार. साडेअकरा ते बारा, अर्धा तास. मी पुढे बसणार, मशीन घेऊन. आणि खुर्चीवर बसून."

"खुर्चीवर?" ह्यांचा आवाज चढला. "कीर्तन उभ्यानं होतं, डॉक्टर. नारदाच्या गादीवर कोण बसतं काय?"

"बरं बाई, उभे राहा. पण मी हात वर केला की थांबायचं."

साडेदहा ते साडेअकरा आम्ही बायकांनी भजनं म्हणायची असं ठरलं. आणि साडेअकराला ह्यांच्या मागे, ह्यांच्या जागी, ह्यांची झांज घेऊन मी उभी राहायची, कारण दुसऱ्या कोणाला ह्यांचा ठेका ठाऊक नव्हता.

बुवांचं उपरणं खांद्यावर घेऊन हे उभे राहिले. मंडप भरलेला. पहिल्या रांगेत गंधाली, मांडीवर मशीन. तिच्या शेजारी, कुठून जागा मिळवली देव जाणे, शरच्चंद्रराव, फोन काठीवर लावून.

ह्यांनी नमन केलं आणि सरळ सांगून टाकलं. "मंडळी, मी रामापुढे मीठ सोडलं आणि महिन्याभरात अर्धा किलो मीठ खाल्लं." मंडपात हशा पिकला. मग ह्यांनी असं रंगवलं, असं रंगवलं, की मला मागून झांज धरवेना. सोडणं म्हणजे काय? मिठाचं नाव सोडलं आणि वस्तू ठेवली. राग सोडला म्हणतो आणि त्याला शिस्त म्हणतो. लोभ सोडला म्हणतो आणि त्याला मुलांची काळजी म्हणतो. डबा दुसरा केला की वस्तू दुसरी होते काय? रामानं वनवास घेतला तेव्हा गुलाबी वनवास नाही घेतला! लोक टाळ्या पिटत होते. तीस वर्षं मागे उभा राहिलेला माणूस असा पुढे आला होता.

आणि मग ह्यांची नजर पहिल्या रांगेवर गेली.

"आणि मंडळी, हे मीठ मला कोणी दिलं म्हणाल..."

मला कळलं आता काय येणार. नावगावासकट येणार. जाकीट येणार, लाल ठिपका येणार, मॅग्नेशियम येणार. आठवडाभर मी हेच मनात तळून ठेवलं होतं, माझ्याकडे तर याहून झणझणीत वाक्यं तयार होती. मंडप पुढे झुकला. शरच्चंद्ररावांनी काठीवरचा फोन खाली घेतला. आणि मी ह्यांच्या कपाळाकडे बघितलं. कानशिलावरची शीर वर आली होती, दोरीसारखी. गळा लाल. देवळाच्या भिंतीवरच्या घड्याळात बाराला सात मिनिटं होती, आणि कौसल्येचं नावही अजून निघालं नव्हतं. गंधालीचा हात गुडघ्यावरून उचलला गेला.

मी झांज वाजवली. एकदा, जोरात, मधेच.

ह्यांनी मागे वळून बघितलं. असे डोळे, जसं काही ह्यांचा घास मी काढून घेतला. मी पुन्हा वाजवली आणि पाळण्याच्या चालीचा ठेका धरला. ह्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. दोन आवर्तनं तशीच गेली. मग ह्यांनी श्वास घेतला, उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "ते असो. अयोध्येत त्या दिवशी दुपारी..."

सात मिनिटांत हे अयोध्येच्या वेशीपासून कौसल्येच्या दालनापर्यंत पोचले. कसे पोचले ते मला सांगता येणार नाही, मी रडत होते. बारा वाजले तेव्हा बरोबर "प्रकटला" हा शब्द ह्यांच्या तोंडात होता. फुलं उडाली, दोरी हलली, बायकांनी पाळणा धरला.

सुंठवडा वाटायला लागले तेव्हा गंधालीनं ह्यांना सतरंजीवर बसवून पट्टा बांधला. "एकशे अठ्ठावन्न. कीर्तन करून आलेल्या माणसाला एवढं माफ. काका, पास. पण ते मधलं वाक्य पुरं केलं असतंत तर मी हात वर करणार होते."

"हिनं आधीच केला," हे म्हणाले, आणि माझ्या हातातली झांज काढून घेतली.

गंधाली पट्टा गुंडाळत होती. तेवढ्यात एक सावली पुढे आली. शरच्चंद्रराव. फोन खिशात, काठी मिटलेली. इकडे तिकडे बघत सतरंजीवर बसून त्यांनी रेशमी जाकीट काढलं, घडी घालून मांडीवर ठेवलं, शर्टाची बाही वर गुंडाळली आणि हात पुढे केला.

गंधालीनं मशीन पुन्हा मांडीवर घेतलं. पट्टा बांधला, फुगवला, सोडला. मग पुन्हा एकदा फुगवला. आकडा हळू आवाजात सांगितला, पण मी शेजारीच होते, मला ऐकू आला. शरच्चंद्ररावांनी बाही खाली घेतली आणि दवाखाना किती वाजता उघडतो ते विचारलं.

एवढं सगळं लिहिलं, तो आकडा मात्र लिहीत नाही. मी सुंठवड्याचं ताट त्यांच्यापुढे धरलं आणि म्हटलं, "घ्या भावोजी. यात मीठ नाही."